न पाठवलेले कागद

१ मार्च, बुधवार

आजपासून पानगळ. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कॅलेंडरात! बाहेर छत्तीस डिग्री, आणि कापलेल्या गव्हाच्या रानातली धूळ थेट ऑफिसच्या दारात. सकाळपासून दोनदा झाडलं.

ट्रुडीचा फोन, बॅलरॅटच्या मुख्य ऑफिसातून. "नोलीन, पानगळीचा अंक दहा तारखेपर्यंत हवा गं. यंदा विषय घेऊ — कामात बुडालेल्या टीमसाठी सल्ले. जाहिरात कशी करावी, ऑफिसात हसतंखेळतं कसं राहावं, असलं काहीतरी. तुला बरोब्बर सुचतं!"

मला सुचतं! हॉर्शमच्या ऑफिसातली टीम म्हणजे मी, फ्रिज आणि नमुन्याचे मग. लोकांची नावं छापलेली पेनं, मग, कॅलेंडरं विकायचा आमचा धंदा. बॅलरॅटला सात माणसं बसतात, इथे मी एकटी. वर्षातून चारदा गिऱ्हाइकांसाठी ऋतूचा अंक काढायचा, हे गेली अकरा वर्षं माझ्याच गळ्यात.

हो म्हटलं. दिवसभरात कुणाशी बोलले ते तेवढंच. पोस्टमन आला होता, पण त्याच्या कानात गाणी.

३ मार्च, शुक्रवार

लिहायला बसले की माझी लेखणी नुसती धावते, याची मलाच कमाल वाटते. ईस्टरच्या आधी तीन आठवडे गिऱ्हाइकांना आठवण करा. मदर्स डेला फुलवाल्याशी हातमिळवणी करा. जूनअखेर हिशेबाचं वर्ष संपतं, तेव्हा लोकांचे खिसे सैल असतात, त्याच्या आधी कॅलेंडरं काढा. हे सगळं ठीक.

मग ऑफिसचे सल्ले. "आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र जेवा. टेबलापाशी कुणी एकटं खात असेल तर खुर्ची ओढून शेजारी बसा." हे लिहिताना माझ्या एका हातात व्हेजिमाइट लावलेला पाव होता, आणि शेजारी खुर्ची ओढायला दुसरी खुर्चीच नाही. अडीच मीटर रुंदीचं ऑफिस! गिऱ्हाईक आलं तर उभं राहतं.

हसू आलं. मग नाही आलं.

७ मार्च, मंगळवार

आज धीर केला. ट्रुडीला विचारून टाकलं — मला बॅलरॅटला घे.

कारण काय सांगायचं? बाबा होते तोवर हॉर्शम सोडायचा प्रश्नच नव्हता. आता मे महिन्यात त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. घरी गेलं की घड्याळ, ऑफिसात आलं की फ्रिज. हे कसं सांगणार? म्हटलं, "कामाला सोपं पडेल."

ट्रुडी वाईट नाही. म्हणाली, "अगं, माझी ना नाही. पण इथे खुर्ची रिकामी हवी ना? आहेत त्या सात जागा भरलेल्या. कुणी गेलं की पहिला फोन तुला, हा माझा शब्द. फक्त कुणाला बोलू नकोस हं. केरिनला नाही, व्हर्नला नाही. जागेचं कळलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात, कोण जातंय म्हणून."

म्हणजे आता मी वाट बघायची की सात माणसांपैकी कुणाला तरी कंटाळा यावा. भली माणसं आहेत, त्यांचं वाईट चिंतणार नाही. पण एखाद्याला दुसरी चांगली नोकरी लागायला काय हरकत आहे?

१६ मार्च, गुरुवार

अंक गेला. चारशे बारा गिऱ्हाइकांना. एकाचं उत्तर आलं — पत्ता बदललाय.

आज फुटीच्या, म्हणजे आमच्या फुटबॉलच्या, अंदाजांचा पहिला कागद. फुटबॉलचा मोसम सुरू झाला की आमच्याकडे, आमच्याचकडे काय, अख्ख्या व्हिक्टोरियात ऑफिसाऑफिसांत हे सुरू होतं. नऊ मॅचेस, कोण जिंकणार त्यावर खूण करायची, गुरुवारी पाचच्या आत पाठवायचं. जास्त बरोबर येतील तो वरती. सप्टेंबरात जिंकणाऱ्याला खाटकाकडून भरलेलं मटणाचं ताट.

हे सगळं बघतो व्हर्न. बॅलरॅटला छपाईची पानं लावतो तो. साठीचा असेल. पाच-सहा वेळा भेटलोय, दरवेळी तो आपल्या बुटांशीच बोलत होता. त्याचा हट्ट असा, की कागद हातानं भरायचा, फोटो काढून पाठवायचा. मग तो छापून ऑफिसच्या स्वयंपाकघरात टाचतो. "कॉम्प्युटरवर कुणीही कुणाचं भरेल" म्हणतो. आणि नियम कडक! कागद नाही आला तर सगळीकडे पाहुणी टीम धरायची, म्हणजे जी दुसऱ्याच्या मैदानावर खेळायला जाते ती. रडायचं नाही.

मी समासात काहीबाही लिहिते. कॉलिंगवुड टीमच्या पुढे तर दर वर्षी ठरलेलं — "मेले तरी नाही!" बाबा फुट्सक्रे टीमचे. घरात कॉलिंगवुडचं नाव निघालं की जेवण थांबायचं. ते जिंकणार हे शेंबड्या पोराला कळत असलं तरी माझी खूण त्यांच्यावर पडत नाही. त्यापायी दर वर्षी खालून दुसरी येते. येऊ दे.

२० मार्च, सोमवार

खालून दुसरी.

२७ मार्च, सोमवार

सोमवारची मीटिंग. पडद्यावर एका चौकटीत ते सगळे, एका चौकटीत मी. माझ्या मागे मगांचं कपाट.

केरिनचा वाढदिवस होता. ती तिथे पुढच्या टेबलावर बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला तीच बघते. आमच्यात ज्याचा वाढदिवस त्यानं केक आणायचा, तिनं आणला होता लिंबाचा. सगळे उभे राहिले, गायले. मीही गायले इकडे, आवाज थोडा मागे पडत होता. केरिन ओरडली, "नोलीन, तुझा तुकडा आम्ही खाल्ला गं!" सगळे हसले. मीही.

मग इंटरनेट गेलं. मी तशीच बसले, पाच मिनिटं, दहा मिनिटं. वाटलं फोन येईल. "अगं, कुठे गायब झालीस?" एवढंच तरी. वीस मिनिटांनी आपणहून परत जोडलं तर मीटिंग संपलेली. दुपारी ट्रुडीची मेल सगळ्यांना — "आज सगळे हजर होते, छान वाटलं."

सगळे!

फार लागलं मला ते. उगाच लागलं, कळतंय. पण लागलं.

३० मार्च, गुरुवार

एक ठरवलंय. अंदाजांचा कागद पाठवायचा नाही. बघू या, कुणाला कळतं का. कुणी विचारलं, "नोलीन, कागद कुठाय?" तर लगेच पाठवीन, हसून पाठवीन. शाळकरी पोरीसारखं वागतेय मी, अठ्ठावन्नाव्या वर्षी. असू दे.

पाच वाजून गेले. फोन गप्प.

३ एप्रिल, सोमवार

कुणी काही विचारलं नाही. यादी आली फक्त. नऊपैकी माझे सहा! पाहुण्या टीमनी सहा ठिकाणी मारलं म्हणायचं. मी स्वतः डोकं चालवते तेव्हा चार येतात.

मॅच मी बघत नाही हल्ली. बाबा गेल्यापासून टीव्हीच लावला नाही शनिवारचा. एकटीनं ओरडायचं कुणावर?

७ एप्रिल, गुड फ्रायडे

कालचाही कागद पाठवला नाही.

सगळं बंद. बेकरीतून ईस्टरचे, वर क्रॉस काढलेले सहा बन घेतले होते, सुटे मिळत नाहीत. दोन खाल्ले. चार फ्रीझरमध्ये. गेल्या वर्षीचे दोन तिथेच सापडले.

११ एप्रिल, मंगळवार

मी तिसरी! आठांत तिसरी!

आणि केरिनचा फोन. कामाचा नाही, माझ्यासाठी! "काय गं ए, कुठल्या ज्योतिष्याला धरलंयस? सात बरोबर? दर वर्षी तर तळाला गाळ शोधत असतेस!" मग पाऊण तास बोलली. तिच्या नवऱ्याचा गुडघा, मांजर, ट्रुडीनं केस कापलेत ते. मला म्हणाली, "तू फोनवर फार मजेशीर बोलतेस, माहीतच नव्हतं." अकरा वर्षं झाली, बाई! माहीत कसं असणार?

खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या आठवड्यात तिनं फोन कशाला केला असता?

१८ एप्रिल, मंगळवार

ट्रुडीशी वाजलं. तिला सुचलंय — पंचवीस तारखेच्या, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या अ‍ॅन्झॅक दिवसाच्या निमित्तानं मगांवर सूट, वर पॉपीचं लाल फूल छापायचं. मी म्हटलं, "ट्रुडी, अ‍ॅन्झॅकच्या नावावर धंदा? लोक दगड मारतील! कायद्यानंही ते नाव वापरता येत नाही परवानगीशिवाय." ती म्हणाली, "अगं, नाव नाही घालायचं, नुसतं फूल." म्हटलं, "माझ्या आज्याचं नाव इथल्या स्मारकावर आहे. तू पाठव, मी नाही पाठवणार. त्या दिवशी सगळ्यात उत्तम जाहिरात म्हणजे तोंड बंद ठेवणं, असं हवं तर अंकात छाप."

शेवटी म्हणाली, "बरं बाई, बरोबर आहे तुझं."

भीती वाटली नंतर. खुर्चीचं तिच्याच हातात आहे आणि मी तिलाच सुनावतेय.

२५ एप्रिल, मंगळवार

पहाटे स्मारकापाशी. थंडी एकदम पडली, तोंडातून वाफ. गर्दीत उभं राहायला किती बरं वाटतं! कुणी बोलत नाही, बोलायचंच नसतं, त्यामुळे मी एकटी आहे हे कुणाला दिसत नाही. बिगूल वाजलं तेव्हा शेजारच्या बाईचा कोपर माझ्या कोपराला लागून होता. तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

नंतर क्लबात बेकन-अंड्याचा पाव. एक म्हातारा म्हणाला, "तू रेज पॅस्कोची पोरगी ना? बरा आहे का तो?" म्हटलं, बरे आहेत. का म्हटलं कुणास ठाऊक. खरं सांगितलं असतं तर बिचारा हळहळत बसला असता आणि पाव गार झाला असता.

रस्त्यावर पेरणीची यंत्रं निघालीत. पावसाचा अजून पत्ता नाही.

१ मे, सोमवार

मी पहिली!!

मीटिंगमध्ये टाळ्या. "बोला नोलीनबाई, काय गुपित?" "या आठवड्याला कुणावर लावू, कानात सांग!" ट्रुडी म्हणते हिवाळ्याच्या अंकात चौकट टाकू — 'टीमला एकत्र कसं आणावं : आमच्या नोलीनचे अंदाज'. मी मान हलवत राहिले.

व्हर्न कोपऱ्यात होता. तो हसला नाही, टाळ्याही नाही. कागदावर काहीतरी लिहीत होता. त्याला माहीत असणारच की माझे कागद येत नाहीत! पाच आठवडे! तोच तर मोजतो. मग बोलत का नाही? नियमात बसतं म्हणून गप्प असेल. की त्याच्याही लेखी मी म्हणजे यादीतलं एक नाव, कागद आला काय, न आला काय.

या सगळ्यांत एकट्याला खरं माहीत आहे आणि त्यालाही काही वाटलं नाही. हे जास्त बोचतंय.

९ मे, मंगळवार

शुक्रवारी बॅलरॅटला बोलावलंय! सगळ्यांनी एकत्र बसून पुढच्या वर्षाचं ठरवायचं. निळा कोट ड्रायक्लीनला टाकला. बिस्किटं करून नेईन, ओट्सची. गाडीत पेट्रोल भरून ठेवलं — अजून तीन दिवस आहेत!

बाबांना जाऊन आज दोन वर्षं. कोटाच्या नादात दुपारपर्यंत लक्षात नव्हतं. लाज वाटली.

१२ मे, शुक्रवार

सगळं नीट लिहायला हवं. परत येताना गाडीत दोन तास तेच घोळत होतं.

सकाळची बैठक ठीक. बिस्किटं संपली. मग जेवायची सुट्टी. मी डबा घेऊन स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलापाशी जाऊन बसले. या टेबलाची मी अकरा वर्षं स्वप्नं बघितलीत. कुणी येईना! डोकावून पाहिलं तर सगळे आपापल्या पडद्यासमोर, एका हातात पाव, एका हातात माऊस. केरिनच्या कानात गाणी. ट्रुडी फोनवर. माझा अंक बोर्डावर लावलाय, "सगळ्यांनी एकत्र जेवा" त्याला कुणीतरी पिवळ्या शाईनं रंगवलंयसुद्धा!

मी एकटीच बसले तिथे. समोर भिंत, भिंतीवर अंदाजांचे कागद, प्रत्येकाच्या नावाखाली आठवड्याचे आठवडे टाचलेले. माझं नाव शोधलं. दोन असतील असं वाटलं होतं. जाड गठ्ठा होता.

नऊ कागद. पहिले दोन माझे. पुढचे सात — नाव माझं, तारखा बरोबर, खुणा नऊच्या नऊ. अक्षर माझं नाही. बारीक, ठसठशीत, छपाईवाल्याचं. आणि कॉलिंगवुडवर एकही खूण नाही. पाहुणी टीम धरायची तर निम्म्या वेळा त्यांच्यावर पडायला हवी होती. नाही म्हणजे नाही. समासात त्याच अक्षरात लिहिलेलं, प्रत्येक कागदावर — "मेले तरी नाही!"

मी डब्याला झाकण लावलं.

केरिन चहाला पाणी ठेवायला आली. मी उगाच विचारलं, कागद द्यायला विसरलं तर काय होतं गं? ती म्हणाली, "पाहुणी टीम! ईस्टरला मी विसरले, पाया पडले त्या व्हर्नच्या, दहाच मिनिटं उशीर गं. 'नियम म्हणजे नियम.' असला खडूस! त्याच्याशी इथे कुणी फारसं बोलत नाही, आणि तो तरी कुठे बोलतो."

कपाटामागे त्याचं टेबल. गेले. तो सँडविच खात होता, समोर वर्तमानपत्र, उलटं नव्हतं पण वाचतही नव्हता. म्हटलं, "बसू?" तो दचकून उठला आणि स्वतःची खुर्ची मला दिली. मग स्वतः कागदाच्या रिमांवर बसला. त्याच्या बुटांकडे बघून म्हणाला, "हॉर्शमला पाऊस झाला?" म्हटलं, नाही अजून. "होईल," म्हणाला. अर्धं सँडविच पुढे केलं, हॅम आणि लोणचं. मी घेतलं. कागदांचं मी काढलं नाही, त्यानंही नाही. तिसाव्या मिनिटाला ट्रुडीनं सगळ्यांना हाक मारली.

अर्धा तास. दहा-बारा वाक्यं बोललो असू. त्यातली पाच पावसाबद्दल.

दर गुरुवारी पाच वाजता त्या माणसानं बसून विचार केला, की नोलीन कुणावर खूण करेल. सात गुरुवार! आणि मी इकडे बसून म्हणत होते की कुणाला कळलंसुद्धा नाही.

१४ मे, रविवार

मदर्स डे. दुकानादुकानांत पांढरी शेवंती. आईच्या आणि बाबांच्या थडग्यावर एकेक जुडी ठेवून आले. बाबांना सांगितलं सगळं. कॉलिंगवुडचंही.

१८ मे, गुरुवार

आज कागद भरला. स्वतः. चार वाजताच पाठवला. समासात लिहिलं — "सात आठवड्यांचे गुण काढून टाक. ते माझे नाहीत. पण आभार."

दहा मिनिटांत उत्तर : "नियमात लिहिलंय, कागद नसेल तर पाहुणी टीम. कागद होता. गुण राहतील. तुझं अक्षर परत बघून बरं वाटलं. — व्हर्न"

चार वेळा वाचलं. पाचव्यांदा चष्मा पुसून.

मग मी लिहिलं, विचारलं का नाहीस मला? त्याचं उत्तर उशिरा आलं, ऑफिस बंद करताना. "विचारलं असतं तर तू पाठवला असतास. मग ती गंमत संपली असती असं वाटलं. तू का पाठवत नाहीस ते मला कळत होतं. मीही एकदा करून पाहिलंय. तेव्हा मोजणारा मीच होतो, त्यामुळे कुणालाच कळलं नाही."

रडले. आता खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय!

२२ मे, सोमवार

ट्रुडीचा फोन, हळू आवाजात. "खात्री नाही अजून, पण इथे एक जागा रिकामी होईल असं दिसतंय. तयारीत राहा. आणि अजून कुणाला..."

"नाही बोलत," म्हटलं.

कोण जातंय? असो कुणीही. केरिन असेल, नवऱ्याच्या गुडघ्यामुळे. मला फक्त एवढंच दिसतंय — ते मोठं टेबल, माझा डबा, आणि कपाटामागे हाक मारायची, "व्हर्न, चल रे जेवायला!" बाकीचे येवोत न येवोत. दोघं बसलो तरी टेबल भरलं.

व्हर्नला सांगावंसं फार वाटतंय. आज मेल लिहिली आणि पुसली. ट्रुडीला शब्द दिलाय. आणि त्याला एकदम समोर जाऊन चकित करण्यात मजा आहे. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलंय.

२५ मे, गुरुवार

पाऊस! सकाळपासून बारीक, सरळ, थांबायचं नाव नाही. रस्त्यात लोक छत्री न उघडता उभे होते. व्हर्नला पाठवायच्या कागदावर समासात लिहिलं — "झाला." त्याचं उत्तर : "रेडिओवर ऐकलं. तिथे असतो तर बघितला असता."

बॅलरॅटला भाड्याच्या दोन खोल्या बघितल्यात, फोटोत. एकीला खिडकी पूर्वेला आहे. घरमालकीण म्हणाली सोमवारपर्यंत ठेवते. घर विकणाऱ्या एजंटालाही विचारून ठेवलं, बाबांच्या घराचे काय येतील.

२९ मे, सोमवार

घरमालकिणीनं अजून एक दिवस दिला. ट्रुडी मीटिंगमध्ये माझ्याकडे बघून डोळा मारते. व्हर्न मीटिंगला नव्हता.

३० मे, मंगळवार

जागा मिळाली. ट्रुडीला आनंद मावत नव्हता. "एका दगडात दोन कामं झाली गं! तू इकडे, आणि हॉर्शमलाही माणूस मिळाला, जाहिरात द्यायला नको. कोण विचार? अगं, व्हर्न! तू येऊन गेलीस त्याच्या पुढच्याच सोमवारी दारात उभा. मला हॉर्शमला पाठव म्हणे, पानं तिथूनही लावता येतात. मी दोनदा विचारलं, त्या ओसाड गावात काय आहे रे? तर म्हणाला, तिथे सोबत चांगली आहे. आता तिथे तू सोडून आहे कोण? मी काही बोलले नाही हं त्याला, तुझं गुपित ते गुपित! त्याची सही झालीसुद्धा. तुझी कधी करतेस?"

म्हटलं, "ट्रुडी, मला नको बॅलरॅट."

"वेडी आहेस का? मार्चपासून माझ्या मागे लागलीस! आणि तिथे मेलं दोघांना बसायला जागा तरी आहे का? एकच खुर्ची आहे."

म्हटलं, "दुसरी मी घरून आणते."